विद्यापीठाबाहेरील विदुषी

डॉ. जॉन्सन हें नांव महाराष्ट्रीय वाचकांस नवें नाहीं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं आरंभिलेलें व विष्णुशास्त्र्यांनीं तडीस नेलेलें 'रासेलस'चें भाषांतर आणि 'निबंधमालें'तील जॉन्सनवरील विस्तृत लेख यांमुळें हा इंग्रज पंडित आमच्या घरांतलाच एक होऊन बसला. परंतु जिची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली म्हणून याच जॉन्सननें लंडनमधील एका पानगृहांत रात्रभर मेजवानी दिली, सफरचंदाच्या पक्वान्नांत तमालपत्रें खोवविलीं, आणि जिच्या मस्तकावर स्वहस्तें लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेविला, ती शार्लट लेनक्स कोण, असें इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविलेल्या दहा जणांस विचारलें, तर एकाकडून तरी उत्तर येईल कीं नाहीं याची आम्हांस शंका आहे.

दोष त्या पदवीधरांचा नव्हे. कित्येक पिढ्यांच्या अभ्यासक्रमांत अठरावें शतक म्हणजे पोप, स्विफ्ट, ॲडिसन, जॉन्सन, गोल्डस्मिथ. आणि कादंबरी म्हणजे डीफो, रिचर्डसन, फील्डिंग. त्यांच्यामागून शतक संपतां संपतां जी पहिली लेखिका भेटावयाची ती जेन ऑस्टेन, आणि तीही जणूं आकाशांतून पडलेली! तिच्यापूर्वीं शंभर वर्षें इंग्लंडांतील स्त्रिया काय करीत होत्या, हा प्रश्नच परीक्षेंत येत नसे.

त्या काय करीत होत्या याचा एक मासला म्हणून एलिझाबेथ एल्स्टॉब हिचें चरित्र पाहण्यासारखें आहे. न्यूकॅसल येथें १६८३ सालीं जन्मलेली ही मुलगी लहानपणींच पोरकी झाली. ज्या चुलत्याच्या घरीं ती वाढली त्याच्या मतें बाईमाणसास एक भाषा आली म्हणजे पुरे. (असे चुलते आमच्याकडेही दुर्मिळ नव्हते.) भाऊ विल्यम ऑक्सफर्ड येथें शिकलेला व तेथेंच फेलो झालेला; त्यानें मात्र बहिणीस मनापासून उत्तेजन दिलें. पुढें लंडनमध्यें त्याच्या घरीं राहून ती प्राचीन इंग्रजीच्या, म्हणजे अँग्लो-सॅक्सन भाषेच्या, अभ्यासांत गढून गेली. १७०९ सालीं तिनें त्या भाषेंतील एक धर्मप्रवचन भाषांतरासह छापलें, आणि १७१५ सालीं त्या भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. विद्वानांचा तोंवरचा रिवाज असा कीं, हें व्याकरण लॅटिनमध्यें लिहावयाचें. लॅटिन पुरुषांच्या विद्यालयांत शिकावयाचें, आणि तेथें तर मुलींस मज्जाव! एका तरुण स्त्रीस ती जुनी भाषा शिकण्याची इच्छा झाली, एवढें निमित्त होऊन एल्स्टॉबनें आपला ग्रंथ प्रचलित इंग्रजींत लिहिला. त्या भाषेचें इंग्रजींतून लिहिलेलें पहिलें व्याकरण तें हेंच. शिवाय इंग्रजींतील एकाक्षरी शब्दांस नांवें ठेवणाऱ्या स्विफ्टची तिनें प्रस्तावनेंत चांगलीच हजेरी घेतली. व्याकरणाची प्रस्तावना इतकी चुरचुरीत क्वचितच असते.

त्याच वर्षीं विल्यम वारला. भावाबरोबर आसरा गेला. कर्ज तेवढें मागें राहिलें. पुष्कळ वर्षें तिचा कोणासही ठावठिकाणा नव्हता. अखेर इव्हशम या लहानशा गांवीं मुलांची शाळा चालवून पोट भरणारी ही विदुषी जॉर्ज बॅलर्ड नांवाच्या, स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या एका कारागिरास आढळली. त्यालाही सॅक्सन भाषेचा नाद होता; आणि इंग्लंडांतील विदुषींचीं चरित्रें जमवून १७५२ सालीं ग्रंथरूपानें छापणारा हाच तो बॅलर्ड. एल्स्टॉबचीं शेवटचीं वर्षें पोर्टलंडच्या डचेसच्या मुलांस शिकविण्यांत गेलीं. नवें पुस्तक तिच्या हातून झालें नाहीं. १७५६ सालीं ती वारली.

आतां पुढची गंमत पाहा. ऑक्सफर्डनें इंग्रजीची स्वतंत्र शाखा स्थापिली ती १८९४ सालीं. शेक्सपिअर व मिल्टन ज्या मुंबई विद्यापीठांत १८५७ नंतर लवकरच पदवीसाठीं नेमिले गेले, त्याच्यापेक्षां या बाबतींत ऑक्सफर्ड मागेंच पडलें होतें! कादंबऱ्या व कविता घरीं वाचावयाच्या, त्यांची परीक्षा कसली घेतां, असा तेथील जुन्या पंडितांचा आक्षेप. त्यावर उतारा म्हणून अँग्लो-सॅक्सनचें कडू औषध अभ्यासक्रमांत भरपूर मिसळण्यांत आलें, आणि त्या कडूपणामुळेंच नव्या विषयास प्रतिष्ठा आली. म्हणजे ज्या विद्येची पायवाट एल्स्टॉबनें स्त्रियांसाठीं खुली केली, तीच आतां त्या विद्यामंदिराची द्वारपाल झाली. मंदिरांत बसून शिकणाऱ्या मुली तोंवर पुष्कळ झाल्या होत्या. परीक्षांत त्या उत्तीर्णही होत. पदवी मात्र ऑक्सफर्डनें स्त्रियांस १९२० सालीं दिली, आणि केंब्रिजनें पूर्ण हक्कानें १९४८ सालीं. नाशिक येथें जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झालेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ सालीं दिली. तिची पदवी त्यांच्या हातीं पडावयास १९२२ साल उजाडलें.

कोणी म्हणतील, एल्स्टॉब हा अपवाद. ललित वाङ्मयांत स्त्रिया मागें पडल्या त्या गुणांच्या अभावीं. हें म्हणणें तपासून पाहणें जरूर आहे. एलायझा हेवुड हिची 'लव्ह इन एक्सेस' ही कादंबरी १७१९ सालीं, म्हणजे 'रॉबिन्सन क्रूसो'च्याच वर्षीं निघूं लागली, आणि तिला अलोट वाचक मिळाले. तींतील मूर्च्छा व प्रेमपत्रें यांचा आज कंटाळा येतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. लेनक्सच्या 'फीमेल क्विक्झोट'ची (१७५२) गोष्ट निराळी. फ्रेंच अद्भुतकथा वाचून डोकें फिरलेल्या आणि प्रत्येक पुरुष आपलें हरण करावयास टपला आहे असें समजणाऱ्या नायिकेची ही कथा आजही हंसविते. शेवटीं एका धर्मोपदेशकानें तिला केलेला उपदेश तेवढा लांबला आहे. फ्रान्सिस बर्नीची 'एव्हेलिना' १७७८ सालीं निनांवी प्रसिद्ध झाली. बापाच्या हस्तलिखितांची नक्कल तीच करीत असल्यामुळें आपलें अक्षर ओळखूं येईल या भीतीनें तिनें सारी कादंबरी अक्षर बदलून लिहून काढली. मोबदला मिळाला वीस पौंड. ही कादंबरी टाकाऊ असें म्हणणारा टीकाकार आम्हांस तरी भेटलेला नाहीं.

तेव्हां गुणांचा प्रश्न बाजूस ठेवून निवड कोणीं केली हें पाहिलें पाहिजे. १८१० सालीं ॲना लेटिशिया बार्बोल्ड हिनें 'ब्रिटिश नॉव्हेलिस्ट्स' ही पन्नास खंडांची माला संपादिली. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरील लोकांस ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदव्या बंद, म्हणून त्यांनीं वॉरिंग्टन येथें आपली स्वतंत्र पाठशाळा काढली होती; तेथील अध्यापकाची ही कन्या. त्या पाठशाळेंत इंग्रजी गद्यपद्याचे वेंचे मुलांकडून वाचवून घेत, आणि त्यांसाठीं एन्फील्डनें १७७४ सालीं केलेलें पुस्तक पुढें घरोघर गेलें. बार्बोल्डच्या मालेंत एकवीस ग्रंथकार होते, आणि त्यांत लेनक्स, बर्नी, रॅडक्लिफ, इंचबॉल्ड, शार्लट स्मिथ, क्लॅरा रीव्ह, फ्रान्सिस ब्रुक व एजवर्थ अशा आठ स्त्रिया. दहाबारा वर्षांनीं सर वॉल्टर स्कॉटच्या प्रस्तावनांसह अशीच दुसरी माला दहा खंडांत निघाली (१८२१-२४). तींत स्त्रिया उरल्या दोन, रीव्ह व रॅडक्लिफ. स्कॉट स्त्रीद्वेष्टा नव्हता. एजवर्थचें ऋण तर त्यानें मोकळेपणानें मान्य केलें आहे. पण पुस्तकें अशींच गळतात. कोणी त्यांस शिक्षा सुनावीत नाहीं, पुढच्या यादींत नांव घालावयाचें राहतें इतकेंच. बार्बोल्डच्या वांट्यास मात्र शिक्षाही आली. चालू युद्धाचा निषेध करणारें तिचें काव्य १८१२ सालीं प्रसिद्ध होतांच, विणकामाच्या सुया टाकून ही बाई राजकारणांत पडली, अशी एका बड्या त्रैमासिकानें तिची टवाळी केली. त्यानंतर तिनें काव्यसंग्रह प्रसिद्ध केला नाहीं.

विद्यापीठांत हा विषय शिरला तेव्हां अध्यापकांपुढें होत्या त्या या गळलेल्या याद्या. १९५७ सालीं ईअन वॉटनें कादंबरीच्या उदयावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत अठराव्या शतकांतील बहुतेक कादंबऱ्या स्त्रियांनीं लिहिल्या असें एका वाक्यांत सांगून तो पुन्हा डीफो, रिचर्डसन व फील्डिंग यांकडे वळला. त्या एका वाक्यानें ज्यांची झोंप उडाली त्यांत विद्यार्थिनीच अधिक होत्या. व्हर्जिनिया वुल्फनें हा प्रश्न १९२९ सालींच विचारला होता. १९७० नंतर ग्रंथालयांच्या तळघरांतून उत्तरें वर येऊं लागलीं, आणि १९८९ सालीं रॉजर लॉन्सडेल यांनीं अठराव्या शतकांतील शंभरांहून अधिक कवयित्रींचा संग्रह ऑक्सफर्डच्याच मुद्रणालयाकडून प्रसिद्ध केला. त्यांत मेरी लीपर आहे. नॉर्थॅम्प्टनशायरमध्यें ती लोकांच्या घरीं स्वयंपाकघरांत राबत असे, आणि कामांतून वेळ काढून कविता लिहीत असे. १७४६ सालीं, चोविसाव्या वर्षीं, गोंवर येऊन ती वारली. तिच्या कवितांचा पहिला खंड तिच्या पश्चात् १७४८ सालीं वर्गणी जमवून छापण्यांत आला. १७५१ सालचा दुसरा खंड ज्यानें आपल्या छापखान्यांत छापला, तो सॅम्युअल रिचर्डसन.