परभणीत सुशी?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण मराठवाड्यात ऐकली नसेल असा माणूस विरळाच. तिचा नेमका अर्थ विचारायचा नसतो, म्हणणाऱ्याचा रुबाब बघायचा असतो. आज या म्हणीत थोडं जपान घुसवायचा माझा विचार आहे.

प्रश्न अगदी साधा आहे. एखाद्या शहरात चांगलं सुशी रेस्टॉरंट कसं ओळखायचं? पुण्या-मुंबईच्या, बंगलोरच्या पब्लिकला वीकांताला हा प्रश्न पडतोच. उत्तरंही ठरलेली. रेटिंग बघा, फोटो बघा, हापिसातल्या एखाद्या जपानी क्लायंटला विचारा. पण कुठलाही अल्गोरिदम खरा की खोटा हे तपासायचं असेल तर तो सोप्या इनपुटवर चालवून उपयोग नाही, एकदम टोकाच्या केसवर चालवायचा. समुद्र कुठेच नाही, मुंबईहून रेल्वेने साधारण साडेपाचशे किलोमीटर, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर... परभणीपेक्षा चांगली टेस्ट केस कुठली मिळणार? :)

तर आधी थोडा इतिहास.

सुशी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो भाताचा छोटा मुटका आणि त्यावर कच्च्या माशाची चकती. म्हणजे समुद्र, ताजेपणा आणि महागडं बिल. गंमत अशी की सुशीचा जन्म समुद्रकिनारी झालेलाच नाही. अभ्यासकांचा सर्वसाधारण कल असा, की मूळ युक्ती आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या पट्ट्यातली, मेकाँग नदीच्या आसपासची. पावसाळ्यात खाचरांत आणि ओढ्यांत मासेच मासे, पुढे ठणठणाट. मग करायचं काय? मासा साफ करायचा, मीठ भरायचं आणि शिजलेल्या भातात दाबून ठेवायचा. भात आंबतो, त्यातून आम्ल तयार होतं आणि मासा महिनोन्‌महिने टिकतो. खायच्या वेळी मासा खायचा, भात चक्क फेकून द्यायचा!

ही युक्ती जपानमध्ये पोचली. आठव्या शतकातल्या तिथल्या योरो कायद्यांत करापोटी द्यायच्या वस्तूंमध्ये सुशीचा उल्लेख आहे. म्हणजे लोक सरकारला सुशी भरत होते. ताज्या माशाच्या चकत्या करापोटी राजधानीला पाठवून चालणार नाही, टिकणारी वस्तूच पाहिजे. क्योतोजवळच्या बिवा सरोवराकाठी या जुन्या जातीची 'फुनाझुशी' आजही करतात. तिला वर्षभर, कधी जास्तही लागतं. वास असा की नवखा माणूस आधी खिडकी उघडेल. त्यातला मासा गोड्या पाण्यातला, कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद.

थोडक्यात, मूळ सुशी ही समुद्रापासून दूर, नदी-तळ्याकाठी राहणाऱ्या शेतकऱ्याची सोय होती. चैन नव्हे, बेगमी. आपल्याकडे सांडगे-पापड घालतात तसं म्हणा हवं तर.

मग आजची सुशी कुठून आली? लोकांना धीर नव्हता, त्यातून आली. आधी लोक आंबवणं लवकर थांबवून भातासकट खायला लागले. मग भात आंबायची वाट तरी कशाला बघा, सरळ व्हिनेगर घाला, आंबटपणा आलाच. आणि 1820 च्या दशकात एडोत, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने वळलेल्या भातावर माशाचा तुकडा ठेवून लगेच हातात देण्याची पद्धत रूढ झाली. तिचं श्रेय बहुतेक वेळा हानाया योहेई या माणसाला दिलं जातं. रस्त्यावरच्या गाड्यावर उभ्याउभ्या खायचा प्रकार, थेट आपल्या वडापावाच्या जातकुळीतला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एडोच्या समोर खाडी, मासे हाताशी. तरी ते लोक सगळंच कच्चं देत नव्हते. ट्यूना सोया सॉसमध्ये मुरवायचे, छोटे मासे मीठ-व्हिनेगर लावून घ्यायचे, वामीसारखे मासे शिजवायचे. बर्फ नव्हता ना! मासा गाड्यावर दिवसभर टिकला पाहिजे. आज ज्याला आपण 'एडोची खास चव' म्हणतो, ती बरीचशी फ्रिज नसल्यामुळे आलेली आहे.

आता क्योतो बघा, म्हणजे जपानची परभणी. (क्योतोवाले रागावतील, परभणीवाले नाही!) हे शहर समुद्रापासून आत. उत्तरेच्या वाकासा किनाऱ्यावरून सत्तर-ऐंशी किलोमीटरची डोंगरवाट तुडवत माणसं पाठीवर मासे आणायची. मासा कुठला, तर आपल्या बांगड्याच्या नात्यातला 'साबा'. निघतानाच मीठ लावायचं. चालत क्योतोला पोचेपर्यंत मीठ नेमकं मुरलेलं असायचं. त्याची 'साबाझुशी' ही क्योतोची खासियत झाली आणि त्या वाटेला आजही साबा काइदो, म्हणजे साबाचा रस्ता, म्हणतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर क्योतोने लेटन्सी कमी केली नाही, ती रेसिपीतच धरली.

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचा मुद्दा इथे आहे. चांगलं सुशीचं दुकान म्हणजे ज्याला आपलं माशापासूनचं अंतर माहीत आहे आणि जे ते लपवत नाही.

बर्फ आल्यावर अंतराचं गणित बदललं. आपल्याकडेही ती गोष्ट रंजक आहे. 1833 मध्ये 'टस्कनी' नावाचं जहाज बोस्टनहून कलकत्त्याला गोठलेल्या तळ्यांचा बर्फ घेऊन आलं. सुमारे चार महिन्यांचा प्रवास, निघताना 180 टन, पोचताना शंभरेक टन. पुढच्याच वर्षी मुंबईलाही बर्फ आला. पण तो बर्फ साहेबांच्या आणि शेठजींच्या ग्लासात गेला, मराठवाड्याच्या बाजारात नाही.

पुढची मोठी उडी विमानांची. 1970 च्या सुमारास जपानची मालवाहू विमानं उत्तर अमेरिकेत माल उतरवून येताना जवळपास रिकामी यायची. जपान एअरलाइन्सच्या लोकांनी डोकं लढवलं, कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळचा ब्लूफिन ट्यूना बर्फात भरला आणि 1972 च्या ऑगस्टमध्ये टोकियोच्या बाजारात लिलावाला आणला. तिथले लोक तोवर या माशाला फारशी किंमत देत नव्हते. रिकामी बँडविड्थ वापरायची म्हणून केलेल्या खटपटीतून जगभराचा धंदा उभा राहिला. सालमनची गोष्टही तशीच. जपानी माणूस सालमन कच्चा खात नसे, कारण त्यात जंत असतात हे त्याला पक्कं माहीत होतं. 1980 च्या दशकात नॉर्वेने तलावात... नाही, समुद्रातल्या पिंजऱ्यांत वाढवलेला सालमन त्याच्या गळी उतरवला. आज आपल्याला सुशी म्हणजे सालमनच वाटतो!

आपल्याकडे या लाटेचं ठळक ठिकाण म्हणजे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात 2004 साली सुरू झालेलं, शेफ मोरिमोतो यांच्या नावाचं 'वासाबी'. अपोलो बंदरावरचं हॉटेल, सासून डॉक दोन पावलांवर, तरी मासळी विमानाने! समुद्र जवळ असणं आणि सुशीचा मासा जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून कळतं.

आता आपली टेस्ट केस.

परभणीला रेल्वे आली 1900 च्या सुमारास. निजामाच्या राज्यातली हैदराबाद-गोदावरी व्हॅली लाइन, मीटर गेज, मनमाडला जाऊन मिळणारी. सेलू, मानवतचा कापूस हा इथला माल. समुद्रातला मासा मात्र इथे बर्फात नाही, उन्हात आला. आठवडी बाजारात गोणपाटावर मांडलेली सुकट आणि सुके बोंबील. हसू नका, पण सातपाटी-वर्सोव्याच्या वलांडीवर वाळलेला बोंबील हा साबा काइदोवरच्या खारवलेल्या माशाचा सख्खा भाऊ आहे. अंतर माहीत असलेला मासा. ज्वारीच्या भाकरीबरोबर सुकटीची चटणी खाणारा परभणीकर क्योतोच्याच वाटेवर चाललेला असतो.

ताजा मासा म्हणाल तर तोही आहे, गोड्या पाण्यातला. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण 1968 मध्ये पूर्ण झालं. दक्षिणेला पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम असा गोदावरीचा काठ. रोहू, कटला, मरळ, वाम... भोई समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची मासेमारी. झणझणीत लाल रस्सा, कडक भाकरी, कांदा. संपला विषय.

मग येलदरीच्या ताज्या कटल्याची सुशी का नको? नको म्हणजे नकोच! गोड्या पाण्यातल्या माशात यकृतात आणि आतड्यात जाऊन बसणारे जंत असू शकतात. कच्च्या माशासाठी अमेरिकेचा नियम सांगतो की उणे 20 अंशांवर सात दिवस ठेवा, किंवा उणे 35 ला गोठवून 15 तास. घरच्या फ्रिजरचं हे काम नाही. मीठ लावून, आंबवूनही जंत मरतील याची खात्री नसते, तेव्हा वर फुनाझुशी वाचून कोणी घरी प्रयोग करू नका. 'आज सकाळी धरलेला' हे शब्द रश्शासाठी कौतुकाचे आहेत, कच्च्या चकतीसाठी धोक्याचे. भल्याभल्यांना हा फरक माहीत नसतो.

'परभणीत कोल्ड चेन नाही हो' असंही कोणी म्हणेल. अर्धंच खरं. 1985 मध्ये सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमापासून देशभरातल्या खेड्यापाड्यांत लशी 2 ते 8 अंशांत जपून नेल्या जातात, परभणी जिल्हाही त्यात आला. थंडी पोचवता येते. रोज ती भरून येईल एवढं गिऱ्हाईक मात्र लागतं. मासा चांगला राहतो तो रोज संपतो म्हणून. म्हणून शहर कुठलंही असो, माझे नियम असे:

एक, मेन्यू छोटा पाहिजे. ऐंशी प्रकारच्या सुशा, शिवाय पनीर टिक्का, म्हणजे मासा रोज संपत नाही.

दोन, मासा कुठल्या दिवशी येतो ते विचारा. 'रोज ताजा सर' हे उत्तर आलं तर नूडल्स मागवा. 'गोठवलेला येतो, मंगळवारी आणि शुक्रवारी' असं सांगणारा माणूस भरवशाचा.

तीन, भात खाऊन बघा. तांदूळ टिकतो, त्याला विमान लागत नाही. तरीही तो गार आणि चिकट गोळा असेल तर पुढे बोलायलाच नको.

चार, मुरवलेलं, शिजवलेलं काही ठेवलंय का बघा. ज्याला ते जमतं त्याला ही विद्या येते.

हे चारही नियम जपानशिवायही चालतात. परभणीतल्या खानावळीला लावून बघा: आज कुठला मासा आलाय, तो संपतो का, भाकरी कशी आहे. आणि 'ताव्यावरून तोंडात' हाच तुमचा हट्ट असेल, तर जानेवारीत ज्वारीच्या शेतात जा. 'परभणी मोती' हे रब्बी ज्वारीचं वाण काढणारं कृषी विद्यापीठ इथे 1972 पासून आहे, म्हणजे ज्वारीच्या बाबतीत गाव अधिकारी आहे. आगटीत भाजलेलं कोवळं कणीस, हातावर चोळलेला गरम हुरडा, बाजूला चटणी आणि गूळ. कापल्यापासून तोंडात जाईपर्यंत फार तर अर्धा तास. तोच हुरडा डब्यात भरून पुण्याला आणा, मजा गेली.

गावाकडून शहरात आलेले आपण सगळे गावाची यादी 'काय नाही' यावरून करतो. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही, सुशी नाही. त्यापेक्षा तिथे कुठल्या गोष्टीचं अंतर शून्य आहे ते विचारावं. परभणीपुरतं उत्तर हुरडा आणि येलदरीचा मासा. तुमच्या गावाचं तुम्ही शोधा, येत्या वीकांताला.