सुधारणा कोणासाठी?

मुंबईच्या रस्त्यांची नावे पुष्कळदा बदलली. प्रिन्सेस स्ट्रीटचा शामळदास गांधी मार्ग झाला, गिरगावातील सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला. नावे बदलली तरी रस्ते तेच राहिले. मात्र हे रस्ते मोकळ्या माळावर आखलेले नव्हते. ते माणसांच्या राहत्या घरांवरून गेले. आज गल्लोगल्ली पुनर्विकासाच्या पाट्या लागत असताना, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या पाडकामाचा इतिहास आपल्या कुटुंबांनी जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाची सुरुवात एका ख्रिस्ती डॉक्टरापासून होते. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस हे मुंबईत वैद्यकी करीत आणि महापालिकेचे सदस्यही होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रोगी तपासताना त्यांनी हा ताप प्लेगचा असल्याचे निदान केले आणि ते निर्भयपणे जाहीर केले. शहर हादरले. माणसे मेली, त्याहून कितीतरी अधिक माणसे गावाकडे पळाली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली.

सरकारी उपाय कठोर होते. घराघरांत शिरून तपासणी होई, रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवीत, आप्तांना वेगळ्या छावणीत ठेवीत. उजेड यावा म्हणून छपराची कौले काढीत. काही घरांवर इंग्रजीत ‘यू.एच.एच.’ अशी तीन अक्षरे रंगवीत. अर्थ असा, की हे घर मनुष्यवस्तीस अयोग्य आहे. आतल्या माणसांनी मग कोठे जावे, हे त्या अक्षरांत लिहिलेले नसे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. मार्च १८९८ मध्ये एका मुस्लिम विणकर कुटुंबाने आपली आजारी मुलगी अधिकाऱ्यांच्या हाती देण्यास नकार दिला आणि त्यातून दंगल पेटली. या लोकांना केवळ अडाणी म्हणून सोडून देणे सोपे आहे. परंतु ज्याला कोणी काही विचारत नाही, त्याला उपकारही आक्रमणासारखा वाटतो, हे आपण विसरू नये.

त्याच १८९८ साली कायदा होऊन ‘मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीतील ही घटना. दाट वस्त्या मोकळ्या करणे, नवे रस्ते काढणे, गरिबांसाठी आरोग्यदायी घरे बांधणे आणि उत्तरेकडे नव्या वसाहती वसविणे, ही त्याची कामे. हेतू वाईट होता असे कोणीही म्हणणार नाही. पण रचना पाहावी. ट्रस्टच्या चौदा सभासदांपैकी महापालिकेने निवडलेले केवळ चार. उरलेल्यांत सरकारी अधिकारी, सरकारनियुक्त सभासद आणि व्यापारी मंडळ, गिरणीमालक संघ व पोर्ट ट्रस्ट यांचे प्रतिनिधी. महापालिकेने आपल्या उत्पन्नातून अंशदान द्यावे, पण तिचा शब्द मात्र अल्पमतात राहावा, अशी ही योजना होती. लोकनियुक्त सदस्यांना ती सलणे साहजिक होते. आणि त्या महापालिकेच्या मतदारयादीत तरी कोण होते? मुख्यतः करदाते. खोलीचे भाडे भरणारा गोदीतला हमाल किंवा गिरणीतला कामगार त्यांत नव्हता. म्हणजे ज्याचे घर पडावयाचे, त्याचा आवाज पालिकेतही नव्हता आणि ट्रस्टमध्येही नव्हता.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची होती. पुढे प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि मोहम्मद अली रोड हे रुंद रस्ते निघाले. पश्चिमेकडील समुद्राचा वारा कोंदट वस्त्यांत शिरावा, म्हणजे रोग हटेल, ही त्यामागची कल्पना. येथे इतिहासाचा एक विलक्षण योगायोग नमूद केला पाहिजे. ज्या १८९८ साली ट्रस्ट जन्मला, त्याच वर्षी कराचीत पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्रयोगाने दाखवून दिले, की प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो. हे सत्य सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोवर दोष हवेला आणि घरांना दिला जात होता, आणि घरे पडत होती.

घरमालकांस नुकसानभरपाई होती. ती अपुरी वाटल्यास दाद मागण्यासाठी स्वतंत्र न्यायाधिकरण होते आणि मालकांनी तेथे जोमाने दावेही लढविले. भाडेकरूस मात्र घर सोडण्याची नोटीस तेवढी मिळे. ट्रस्टने चाळी बांधल्या, पण पाडकाम पुढे आणि बांधकाम मागे, असाच क्रम बहुधा राहिला. नव्या खोल्यांचे भाडे अतिगरिबांना झेपत नसे, आणि दादर-माटुंग्याच्या वसाहती गोदीपासून दूर. ज्याची रोजची मजुरी मशीद बंदरावर, तो माटुंग्यास कसा राहील? तो शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत जाऊन राहिला. दाटी नाहीशी झाली नाही, ती पुढच्या गल्लीत सरकली. आणि तेथील भाडे चढले.

आपल्या समाजालाही या घडामोडींची झळ लागली. काळबादेवीजवळील कावेल ही मुंबईतील ख्रिस्ती लोकांच्या अगदी जुन्या वस्त्यांपैकी एक. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेल्या कोळ्यांची ही वाडी. प्रिन्सेस स्ट्रीट या वस्तीतून गेला आणि त्यानंतर वाडीचे जुने रूप उरले नाही. प्लेगच्या भीतीने आणि जागेच्या टंचाईने अनेक ख्रिस्ती कुटुंबे वांद्र्याकडे व साष्टीत सरकली. त्या काळी श्रद्धाळूंनी उभारलेले प्लेगचे क्रूस वांद्र्याच्या रस्त्यांवर आजही दिसतात. १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्थेने वांद्र्यात आपल्या लोकांना घरे दिली. लोकांनी एकत्र येऊन उभारलेले हे काम गौरवास्पद आहे. तथापि त्याचा लाभ भाग घेण्याइतके पैसे असणाऱ्यांनाच झाला. कारकून वांद्र्यास गेला. आचारी, खलाशी आणि मोलकरीण मागेच राहिली.

ट्रस्टवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोन दशके राहिले. दादर-माटुंग्याच्या झाडांनी नटलेल्या वसाहती हे ट्रस्टचेच काम. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी सरसकट पाडकामापेक्षा आहे त्या इमारतींत उजेड व हवा आणण्यावर भर दिला. म्हणजे चूक ओळखण्यास दहा-बारा वर्षे आणि हजारो बिऱ्हाडे खर्ची पडली. अखेर १९३३ मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेकडे गेला.

आज काय बदलले? बरेच बदलले. रहिवासी आता मतदार आहे. उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूंची संमती लागते आणि त्यांना नव्या इमारतीत घर देणे बंधनकारक असते. वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत राहणाऱ्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच ठिकाणी ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. १८९८ मध्ये हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. परंतु संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे अडकलेली कुटुंबेही याच शहरात आहेत. नव्या इमारतीचा देखभाल खर्च न झेपल्याने घर विकून दूर जाणारे आहेत. आणि ज्याचे नाव कोणत्याच कागदावर नाही, असा पोटभाडेकरू तर अजूनही तेथेच आहे, जेथे तो ट्रस्टच्या काळी होता.

धर्मगुरू म्हणून आम्ही हे धर्मग्रामाच्या नोंदवहीत पाहतो. एखादी वाडी पाडली जाते, आणि रविवारच्या मिस्सेतील काही चेहरे दिसेनासे होतात. कोणी विरारला गेलेले असते, कोणी बदलापूरला, कोणाचा पत्ताच लागत नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. मोडकळीस आलेले घर नव्याने बांधलेच पाहिजे. पडणारे छप्पर सांभाळीत बसणे म्हणजे इतिहासाचा आदर नव्हे. मात्र सोसायटीच्या सभेस जावे, करारनामा वाचून घ्यावा, न समजल्यास जाणत्यास विचारावे. आणि सही करण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारावा. आपल्या इमारतीत जिन्याखाली राहणारी म्हातारी, मागच्या खोलीतला पोटभाडेकरू, यांचे नाव यादीत आहे काय? ट्रस्टच्या सभासदांनी हा प्रश्न विचारला नाही. तो विचारण्याचा अधिकार आज आपल्या हाती आहे.