गाव, गिरणी आणि गाणे

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया आणि तह उभे राहतात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात फ्रीहोल्ड नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या आसमंतात २८ जून १७७८ रोजी वॉशिंग्टनचे सैन्य आणि इंग्रज फौज यांची मोठी लढाई झाली. तिचे स्मारकही गावात आहे. परंतु मला सांगावयाचा आहे तो या गावाचा दुसरा इतिहास. तो दगडावर कोरलेला नाही, गाण्यांत आहे.

या गावात कॅराघ्यूसियन यांची गालिच्यांची मोठी गिरणी होती. पुष्कळ घरांची चूल तिच्यावर पेटत असे. १९४९ साली जन्मलेला रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याच गावात लहानाचा मोठा झाला. त्याच्या वडिलांनी काही काळ या गिरणीत काम केले. पुढे कधी दुसऱ्या कारखान्यात, कधी बसगाडी हाकीत त्यांनी दिवस काढले. १९६० नंतर काही वर्षांतच गिरणी गावातून गेली. त्याच दशकात काळे आणि गोरे यांच्यातील तेढही उफाळून आली. १९६९ साली आईवडिलांनी कॅलिफोर्नियाची वाट धरली. मुलगा मात्र मागे राहिला.

तो राहिला, आणि जवळच्याच अ‍ॅस्बरी पार्क या समुद्रकाठच्या गावात रमला. उन्हाळी पाहुण्यांवर जगणारे हे गाव. येथे गाणाऱ्याला दारूच्या गुत्त्यात, नाचणाऱ्या गर्दीपुढे उभे राहावे लागे. श्रोते उठून जाऊ नयेत ही खरी परीक्षा. १९७० च्या जुलैत येथेही दंगल पेटली आणि गावाला उतरती कळा लागली. फ्रीहोल्डने त्याला विषय दिला, अ‍ॅस्बरी पार्कने रीत दिली, असे म्हणावयास हरकत नाही. १९७३ साली निघालेल्या पहिल्याच तबकडीला त्याने याच गावाचे नाव दिले आणि वेष्टनावर तेथले चित्रपत्र छापले.

येथे कोणी विचारील: हा मनुष्य स्वतः गिरणीत कधी राबला होता काय? नाही. २०१७ साली ब्रॉडवेच्या रंगभूमीवर त्याने स्वतःच ही कबुली दिली. मग त्याच्या गाण्यांना खोटे म्हणावयाचे काय? मला तसे वाटत नाही. गिरणीचे ओझे केवळ कामगाराच्या खांद्यावर राहत नाही; ते संध्याकाळी त्याच्याबरोबर घरी येते, आणि मुले ते पाहत असतात. १९७८ च्या 'फॅक्टरी' आणि १९८४ च्या 'माय होमटाउन' या गाण्यांमागे असा पाहणारा मुलगा उभा आहे.

परंतु गाण्याची शक्तीही आपण फुगवून सांगू नये. १९८५ साली फ्रीहोल्ड येथील थ्री-एम कंपनीचा कारखाना बंद करण्याचे ठरले. स्प्रिंगस्टीन कामगारांच्या बाजूने उभा राहिला; १९८६ च्या जानेवारीत अ‍ॅस्बरी पार्क येथे त्यांच्यासाठी गायलाही. कारखाना व्हावयाचा तो बंद झालाच. गाण्याने भाकरी वाचत नाही.

मग काय वाचते? ओसाड पडलेल्या अ‍ॅस्बरी पार्कसाठी त्याने लिहिलेले 'माय सिटी ऑफ रुइन्स' हे गाणे २००० साली त्याच गावात प्रथम गाइले गेले. पुढे न्यू यॉर्कवर घाला पडला, आणि २१ सप्टेंबर २००१ रोजी दूरचित्रवाणीवर त्याने तेच गाणे म्हटले, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते न्यू यॉर्कचेच वाटले. एका लहान गावाचे दुःख खरेपणाने सांगितले होते, म्हणूनच ते एका महानगराच्या उपयोगी पडले. गिरणी गेली, वस्ती विस्कटली. पण येथे माणसे होती, त्यांनी काही सोसले, एवढी साक्ष मात्र राहिली. इतिहास तरी याहून वेगळे काय राखतो?