अमरावतीचा, मग इंडियन, मग डेल्टा

फेब्रुवारी २०२१. अमरावतीत कोरोनाचे आकडे चढले, लॉकडाऊन लागला. आमचं बोदवड त्याच भुसावळ-बडनेरा रेल्वेमार्गावर. गावात लगेच नाव पडलं: 'अमरावतीचा कोरोना'. मीही तेच म्हणायचो. अमरावतीला दिलेली आत्या आली, तर तिला पाणीही ओट्यावरच दिलं.

मे महिन्यात जगभरच्या बातम्यांत 'इंडियन व्हेरिएंट' सुरू झालं, तेव्हा मात्र मला राग आला. सरकारनेही सोशल मीडिया कंपन्यांना तो शब्द असलेला मजकूर काढायला सांगितलं. शास्त्रज्ञांचं नाव होतं बी.१.६१७.२. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे व्हर्जन नंबरसारखं वाटतं, पण आजी ते कसं म्हणणार?

नव्या रोगाला गावाचं, देशाचं, माणसाचं, प्राण्याचं नाव देऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलं होतं. पण तोंडात बसेल असा पर्याय आला ३१ मे २०२१ला: डेल्टा. (पुढे एक ग्रीक अक्षर तर गाळलंच; इंग्रजीत लिहिलं की ते चिनी आडनाव होतं.)

आजी 'डेल्टा' सहज म्हणायला लागली. आत्या त्या वर्षी भाऊबीजेलाही माहेरी आली नाही.