ओटो दिलबहारची अर्धी बाटली

बाटली माझ्या करंगळीएवढी. काचेचं बूच, बुचाभोवती पिवळं पडलेलं मेण, आणि लेबलावर वाळवीने खाल्लेली, तरी वाचता येणारी अक्षरं : ‘ओटो दिलबहार, मुंबई’. ती आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, शालूच्या घडीत होती. आत जेमतेम तीन मिली द्रव, चहाच्या अर्कासारखा काळसर.

आमच्या रत्नागिरीच्या घरात ही बाटली कायम ‘कनोजचं अत्तर’ म्हणून ओळखली गेली. पाहुणे आले की तिची गोष्ट सांगितली जाई, बाटली मात्र दाखवली जात नसे. गेल्या शिमग्याला मी घरी गेले तेव्हा माझे चार मित्रही पुण्या-मुंबईहून आले होते. आम्हाला जुन्या सुगंधांचं वेड आहे. कोणाला जुनी बाटली मिळाली की इंजेक्शनच्या सुईने थेंब काढून छोट्या कुप्यांत भरायचे आणि एकमेकांना द्यायचे, हा आमचा रिवाज. आजीला विचारलं. ती म्हणाली, “घे, पण बूच नीट बसव.” तिने इतक्या सहज हो म्हटलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आधी वासाचं सांगते. पहिला भपका वाईटच होता : बंद कपाट आणि जुनं वार्निश. जुन्या सुगंधात असं होतंच, कारण लिंबूवर्गी, हलके रेणू सगळ्यात आधी उडतात आणि उरलेले हवेने खवट होतात. पाच मिनिटांनी मात्र गुलाब आला. ताजा नव्हे, बरणीच्या तळाशी राहिलेल्या गुलकंदासारखा. त्यामागून चंदन. आणि मग एक गोडसर, पावडरीसारखी कस्तुरी, जी दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओढणीला तशीच होती. एकाला त्यात देवघर दिसलं, दुसरीला लग्नाची ट्रंक. तिसरा म्हणाला, “न्हाव्याचं दुकान.” आम्ही हसलो, पण सर्वांत जवळ तोच पोचला असं मला आता वाटतं.

कारण ही बाटली कनोजची नव्हती. कनोजची पद्धत जुनी आणि संथ. तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालायचं, झाकण मातीने लिंपायचं, खाली लाकडाचा मंद जाळ. वाफ बांबूच्या नळीतून, म्हणजे चोंग्यातून, पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं, ते तो वास धरून ठेवतं. मग पाणी वेगळं काढायचं, पुन्हा नवी फुलं, पुन्हा जाळ, असं कित्येक दिवस. चंदन महागलं तसं बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी बिनवासाची रासायनिक तेलं आली. आज ‘अत्तर’ म्हणून जे मिळतं त्यात चंदन असेलच असं नाही.

ओटो दिलबहार वेगळ्या गोत्रातलं. ते मुंबईच्या अँग्लो-इंडियन ड्रग अँड केमिकल कंपनीचं. त्याच कंपनीचं कामिनिया ऑईलही होतं, लांब केसांच्या बाईच्या चित्राचं. दोन्हींच्या जाहिराती त्या काळच्या मासिकांत शेजारी शेजारी दिसतात. नावातला ‘ओटो’ तर मला फार आवडतो. आपलं ‘अत्तर’ विलायतेत गेलं, इंग्रजांच्या तोंडी ‘ओटो’ झालं, आणि कोट घालून मुंबईला परत आलं. कंपनीच्या नावात ‘केमिकल’ आहे याची तेव्हा कोणाला लाज नव्हती, ती ऐटीची गोष्ट होती.

आणि ऐट असायला कारणही होतं. 1868 मध्ये विल्यम पर्किनने कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं. कापून वाळत घातलेल्या गवताचा, किंचित बदामी वास देणारा हा पदार्थ. 1874 मध्ये व्हॅनिलिन आलं. 1888 मध्ये आल्बर्ट बाउर स्फोटकांवर काम करत होता आणि त्याच्या हाती लागली कारखान्यातली कस्तुरी. हरणाच्या नाभीसाठी हिमालयात जायची गरज उरली नाही. 1893 मध्ये आयोनोन आलं आणि व्हायोलेटचा वास गरिबांनाही परवडू लागला. हे सगळे पदार्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजातून मुंबईला उतरत होते. 1922 मध्ये सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही याच धंद्यातली मराठी माणसांची मोठी पेढी.

कलकत्त्यात तर हेमेंद्र मोहन बोस यांनी आपल्या ‘कुंतलीन’ केशतेलाच्या आणि ‘देलखोश’ सेंटच्या जाहिरातीसाठी चक्क कथास्पर्धा भरवली. 1896 च्या पहिल्या स्पर्धेचं बक्षीस जगदीशचंद्र बोस यांना मिळालं, तेच ते शास्त्रज्ञ. त्यांच्या कथेत केसाच्या तेलाची बाटली वादळ शांत करते. म्हणजे भारतीय विज्ञानकथेच्या एका आरंभीच्या पानाला केशतेलाचा वास आहे. असो.

मला खरा प्रश्न वेगळाच पडला होता. रत्नागिरीत सुगंधाचा दुष्काळ कधीच नव्हता. किनाऱ्याला केवड्याची बनं होती. केवड्याचं पात बायका वेणीत खोवत, लुगड्यांच्या घडीत ठेवत. मार्चच्या आसपास सुरंगी फुलते, फांदीला थेट चिकटून, झुपक्याझुपक्याने. कळ्या पुरत्या उमलण्याआधी काढाव्या लागतात. त्यांचा गजरा सुकला तरी वास देत राहतो, आणि वाळलेल्या कळ्या व्यापारी वजनावर घेऊन जातात, अत्तरासाठी आणि रेशीम रंगवण्यासाठी. परसात हे असताना आजोबांनी पैसे मोडून मुंबईची बाटली का आणली?

याचं उत्तर अत्तराच्या इतिहासात नाही, गिरण्यांच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात मुंबईच्या गिरण्यांना सर्वाधिक हात पुरवले ते रत्नागिरी जिल्ह्याने, आणि तेव्हाच्या जिल्ह्यात आजचं सिंधुदुर्गही आलं. पुरुष मुंबईला, बायका गावात, मधे मनीऑर्डर. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे चार महिने माणूस दिसायचा नाही. बाकीच्या वेळी बोट बंदराबाहेर थांबायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे, ट्रंका डोक्यावर धरून. त्या ट्रंकेत काय आहे याकडे अख्ख्या वाडीचं लक्ष. सुरंगी कोणाच्याही परसात होती. त्यातून तुमचा नवरा मुंबईत काय करतो हे कळत नव्हतं. बाटलीतून कळत होतं. सुखवस्तू घरांत निळ्या बाटलीतलं ‘इव्हिनिंग इन पॅरिस’ यायचं, अर्न्स्ट बो याने 1928 मध्ये बनवलेलं. आजोबा काळबादेवीच्या एका पेढीवर कारकून. त्यांच्या खिशाला दिलबहारच झेपलं असणार.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने आजीला सांगायला गेले. खरं तर मनात थोडी भीती होती. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगायचं की तुझं कनोजचं अत्तर कनोजचं नाही, त्यातली कस्तुरी बहुधा कारखान्यातली आहे. मित्रांपैकी एकीने मला आधीच बजावलं होतं, “सांगू नकोस, काय मिळणार आहे तुला?” तिचं बरोबर होतं. पण मला खोटी गोष्ट पुढे न्यायची नव्हती.

आजी तांदूळ निवडत होती. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “लेबलावर मुंबई लिहिलंय ते मला वाचता येत नाही असं वाटलं काय तुला?”

“मग कनोज कोणी म्हटलं?”

“मीच. मोठ्या जाऊबाईंकडे कनोजचं होतं. त्यांच्या माहेरचं. दर हळदीकुंकवाला अत्तरदाणी फिरवायच्या आणि सांगायच्या. ह्यांनी शिमग्याला हे आणलं तेव्हा मी पहिल्यांदा फाया कानात घालून माजघरात गेले. जाऊबाईंनी विचारलं, कुठलं गो? मी म्हटलं, कनोजचं. ह्यांना बाहेर ऐकू गेलं. पण त्यांनी कधी खोडून काढलं नाही. उलट पुढे स्वतःच चारचौघांत तसं सांगायला लागले.”

मग तिने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला आणि विचारलं, बाटलीत किती उरलं? मी म्हटलं, अर्धं. चार कुप्या भरल्या, तीन गेल्या, चौथीचा मालक आधीच पुण्याला परतला, ती कुरियरने पाठवायची आहे. ती काही वेळ बोलली नाही. आजोबा गेल्यानंतरच्या एकवीस वर्षांत तिने ते बूच उघडलं नव्हतं, आणि मी एका दुपारात दीड मिली वाटून मोकळी झाले होते. विचारायला हवं होतं ते हे, की किती घेऊ. ते मी विचारलंच नव्हतं.

“ती चौथी नको पाठवूस,” ती म्हणाली. “आणि थोडा कापूस आण.”