कस, हीण आणि हुपरीची चांदी

शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून दागिन्यासाठी तीत तांबे मिसळतात. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १३०० मध्ये या मिश्रणाला कायद्याने बांधले : हजारांत किमान ९२५ भाग चांदी. हीच ‘स्टर्लिंग’.

आपल्या सराफकट्ट्याने तेच भान शब्दांत जपले. मिसळ ती हीण, शुद्धता तो कस, ‘हिणकस’ इथलाच. रिठ्याच्या पाण्याने दागिन्याला द्यायचा उजाळा आपण आठवणींनाही देतो!

हुपरीचे पैंजण प्रसिद्ध. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हुपरी आणि निपाणी भाग दोन राज्यांत विभागले. कारागिराची भाषा मात्र मराठीच राहिली. वाद उद्भवल्यास न्यायालय कागद मागते. म्हणून कस, घडणावळ आणि घट यांची नोंद पावतीवर मराठीतही हवी, सीमेच्या दोन्ही बाजूंना.