धनी पालटले तेव्हा रयत कोठे होती?

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेस, सिंदखेडराजाच्या टापूत, साखरखेर्डा नावाचे गाव आहे. १७२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात या गावाच्या शिवारात मोगल बादशहाचे दोन सरदार परस्परांवर चालून आले. एक निजामउल्मुल्क, दिल्लीच्या वजिरीस कंटाळून दख्खनेत परतलेला. दुसरा हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान, ज्याला बादशहाने आतून दख्खनचा सुभा देऊ करून निजामावर सोडले होते. पेशवा बाजीरावाचे साह्य निजामास होते. मुबारिजखान रणात पडला, निजामाने विजयाच्या स्मरणार्थ गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेविले, दिल्लीने पुढच्याच वर्षी आपल्याच बंडखोर सरदारास आसफजाह हा किताब बहाल केला, आणि एका दिवसाच्या लढाईतून जी सत्ता जन्मास आली ती पुढे २२४ वर्षे टिकली. मोगल गेले, पेशवाई बुडाली, नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, कंपनी जाऊन राणीचे राज्य आले. आसफजाही मात्र उभीच होती. १९४८ च्या सप्टेंबरात ती पाच दिवसांत कोसळली.

दोन शतके टिकलेली सत्ता पाच दिवसांत का कोसळावी, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्यास साहजिकच पडतो. परंतु त्याहून गहन असा दुसरा प्रश्न त्याच्या पोटी दडलेला आहे. या भूमीवर सत्ता कोसळल्या त्या काही १९४८ मध्येच प्रथम नव्हेत. मग एरवी प्रत्येक वेळी एका धन्याच्या जागी दुसरा धनी येऊन बसला आणि त्याच एका वेळी रयतेच्या हाती राज्य आले, हे कशामुळे? बुलढाण्याच्या मातीस हा प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे, कारण धनी पालटण्याचा सोहळा तिने जितक्या वेळा पाहिला तितका क्वचितच कोण्या मातीने पाहिला असेल.

प्रथम सिंदखेडचीच कथा घ्यावी. ज्यांच्या घरी जिजाऊंचा जन्म झाला ते लखुजी जाधवराव सिंदखेडचे देशमुख होते, आणि देशमुख हा त्या काळच्या राज्ययंत्राचा खरा कणा होता. दौलताबादेच्या किल्ल्यात अहमदनगरच्या निजामशाहीचा सुलतान बसत असे. पण कोणत्या गावात किती नांगर चालतात, कोणती विहीर आटली, कोणता पाटील वसूल दडवितो, हे त्यास ठाऊक नसे. ते ठाऊक असे देशमुखास, देशपांड्यास, पाटलास आणि कुळकर्ण्यास. सुलतान सनद देई आणि वतनदार वसूल व घोडेस्वार देई; या दोन हातांच्या टाळीवर निजामशाही चालली होती. मलिक अंबरासारखा कर्ता पुरुष १६२६ मध्ये निवर्तल्यावर ती टाळी सैल पडली, आणि १६२९ साली मूर्तजा निजामशहाने दौलताबादेच्या दरबारात लखुजींना, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह, दगा देऊन मारविले. ज्या खांबावर छत उभे होते तोच खांब धन्याने आपल्या हाताने तोडला. लखुजींचे जावई शहाजीराजे मोगलांकडे गेले, भयभीत झालेल्या इतर सरदारांची निष्ठा विरघळली, लागोपाठच्या दुष्काळाने मुलूख ओस पडला, आणि १६३६ मध्ये निजामशाहीचे नाव नकाशावरून पुसले गेले. सिंदखेडराजा येथील लखुजींची भव्य समाधी पाहताना मला नेहमी वाटते की ती केवळ एका शूर पुरुषाची समाधी नसून, स्वतःच्याच आधारस्तंभांवर अविश्वास धरणाऱ्या एका राज्याचीही समाधी आहे.

पण निजामशाही बुडाल्याने सिंदखेडच्या कुणब्यास काय लाभले? त्याचा वसूल अहमदनगरच्या घराण्याऐवजी मोगलांच्या खजिन्यात जाऊ लागला, एवढेच. हीच गोष्ट १७२४ मध्ये घडली. त्यानंतर तर वऱ्हाडात दुअमली सुरू झाली. एकाच शेताच्या पिकावर निजामाचा आणि नागपूरकर भोसल्यांचा असे दोन अंमलदार हक्क सांगू लागले, आणि ज्या वर्षी दोघांचे सख्य असे त्या वर्षी रयत दोघांना देई, ज्या वर्षी वैर असे त्या वर्षी दोघांकडून लुटली जाई. १८०३ मध्ये अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव होऊन देवगावच्या तहान्वये वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला, तेव्हा दुअमली संपली. परंतु तिच्या जागी इजारा आला. हैदराबादच्या दिवाणास रोख पैसा हवा असे, आणि तो पुरविणाऱ्या सावकारास वऱ्हाडचा वसूल मक्त्याने लावून दिला जाई. पूरणमलासारखा सावकार, पेस्तनजी आणि कंपनीसारखी पेढी, यांच्या हाती परगणेच्या परगणे गेले. इजारदारास पुढच्या वर्षीची शाश्वती नसे, म्हणून तो चालू वर्षातच बीजासकट पीक वसूल करू पाही. आणि जेथे पाटलाने नकार द्यावा तेथे पाटीलच बदलला जाई.

आता कोणी विचारील की असला अंमल रयतेने उलथून का टाकला नाही? येथेच एकतंत्री सत्तेच्या दीर्घायुष्याचे पहिले रहस्य आहे. ज्या सत्तेचा पैसा रयतेच्या संमतीवाचून सावकाराकडून येतो आणि जिचे शस्त्रबळ परक्याकडून येते, तिला रयतेच्या मर्जीची गरजच उरत नाही. १७९८ व १८०० च्या तहांनी निजामाने कंपनीची तैनाती फौज पदरी घेतली, आणि त्या दिवसापासून हैदराबादचे तख्त इंग्रजी संगिनींच्या टेकूवर उभे राहिले. त्या टेकूचे भाडे मात्र भारी होते. कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला, कर्ज फुगले, आणि २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्या खर्चाच्या तारणादाखल इंग्रजांच्या हवाली झाले. त्याच तहात गेलेले नळदुर्ग आणि रायचूरचा दुआब १८६० मध्ये निजामास परत मिळाले व ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड राहिले ते राहिलेच, आणि १९०२ मध्ये सालीना २५ लाख रुपयांच्या खंडाने ते कायमचे पट्ट्याने दिले गेले. सावकाराकडे दागिना ठेवावा, एखादा सोडवून आणावा आणि एखादा बुडू द्यावा, त्याप्रमाणे जित्याजागत्या लक्षावधी माणसांचा हा व्यवहार झाला, आणि त्यातल्या एकासही कोणी एक शब्द विचारला नाही.

दीर्घायुष्याचे दुसरे रहस्य सुधारणेत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या वर्षी वऱ्हाड गेले त्याच वर्षी सर सालारजंग दिवाण झाला. त्याने इजारा मोडला, पगारी तालुकदार नेमले, मुलखाची जिल्हावार विभागणी केली, खजिना सावरला. मरणपंथास लागलेल्या त्या सत्तेस याने जवळजवळ शंभर वर्षांचे आयुष्य दिले. परंतु सालारजंगाने कारभार सुधारला, कारभाराचा धनी बदलला नाही. रयतेस न्याय काहीसा मिळाला, अधिकार मुळीच नाही. सर्फेखासाचा मुलूख निजामाच्या खासगीचा, पायगा व जहागिरी अमीरउमरावांच्या. आणि या सर्वांना स्वतःचे वैभव तख्ताच्या वैभवात गुंतलेले दिसत असल्याने, तख्ताचा बचाव करणारा एक मोठा वर्ग आयताच तयार झाला.

तिसरे रहस्य मौनाचे आहे. दरबारची भाषा उर्दू, उच्च शिक्षणाची भाषा उर्दू, आणि मराठी, तेलुगू, कानडी बोलणारी बहुसंख्य प्रजा स्वतःच्याच राज्यात मुकी. त्यावर गश्ती निशाण ५३ या हुकमाने पूर्वपरवानगीवाचून सभा भरविण्यास बंदी केली. माणसे उपाशी असतात म्हणून सत्ता टिकत नाही, आणि माणसे उपाशी असतात म्हणून ती पडतही नाही. माझे दुःख तेच शेजारच्या गावातल्या माणसाचेही दुःख आहे, हे जोवर माणसास कळत नाही तोवर ती टिकते. आणि सभा, वृत्तपत्र, शाळा यांवरचा पहारा याच कळण्यावरचा पहारा असतो.

बुलढाण्याच्या डोंगरात पैनगंगा उगम पावते आणि पुढे तिच्याच पात्राने दीर्घकाळ वऱ्हाड व निजामी मुलूख यांची हद्द आखली. दोन्ही तीरांवर तीच भाषा, तेच अभंग, तीच ज्वारी, सोयरीकही एकच. फरक केवळ अंमलाचा. अलीकडच्या तीरावर स्वराज्य नांदत होते असे मी म्हणणार नाही. इंग्रजी अंमलही परकाच होता. पण खातेदाराचे नाव त्याच्या शेतासमोर नोंदले गेले. १८६७ मध्ये लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव ओलांडून नागपुरास पोहोचला. खामगावास कापसाची पेठ फुलली. नगरपालिका व बोर्डे निघाली आणि हळूहळू त्यांत निवडणूक शिरली. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातून नागपूरच्या कौन्सिलात प्रतिनिधी जाऊ लागले तेव्हा एक चमत्कारिक तोड काढावी लागली. कायद्याने वऱ्हाड निजामाचा मुलूख, म्हणून येथील मतदारांनी निवडलेल्या माणसास सरकार पुन्हा ‘नियुक्त’ करी. कागदावर नियुक्ती, प्रत्यक्षात निवड! संकुचित मताधिकाराची का होईना, पण प्रश्न विचारण्याची, हिशेब मागण्याची, पराभव सोसून पुन्हा उभे राहण्याची सवय त्यातून लागली. याच जिल्ह्यातील चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी १९२७ मध्ये महात्मा फुल्यांचे चरित्र लिहिले, ही घटना मला एखाद्या लढाईइतकीच मोलाची वाटते. कारण ज्या कुणब्याच्या शिवारात तीनशे वर्षे इतरांचे इतिहास घडले, त्याच्याच पक्षाचा इतिहास आता त्याच्या भाषेत लिहिला जाऊ लागला होता.

पलीकडच्या तीरावर हीच सवय चोरून लावून घ्यावी लागली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, गावोगावची लहान वाचनालये, ही त्या अंधारातली निरांजने होत. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. परतूर म्हणजे आमच्या सरहद्दीपासून फार दूर नव्हे. पुढील वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, आणि स्वामी रामानंद तीर्थांसारखा संन्यासी सत्याग्रही होऊन कारागृहात गेला. सत्तेस या माणसांची भीती वाटली ती उगाच नव्हे. तिजपाशी फौज होती. यांच्यापाशी परस्परांवरचा विश्वास होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्रज गेले आणि दीडशे वर्षांचा टेकू निघाला. तो टेकू केवढा होता, हे शेवटचा निजाम उस्मान अली खान यास एकदा कळून चुकले होते. त्याने वऱ्हाड परत मागितले तेव्हा १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने त्यास स्पष्ट बजावले होते की सार्वभौम सत्तेपुढे निजामाचा दर्जा बरोबरीचा नाही. तरी टेकू गेल्यावर त्याने रयतेचा आधार घेतला नाही. तो कासीम रझवीच्या रझाकार नावाच्या सशस्त्र टोळ्यांवर विसंबला. भारताशी जैसे थे करार झाला, मोडला. रझाकारांच्या जुलमाने गावेच्या गावे सरहद्द ओलांडून वऱ्हाडात आश्रयास आली. उमरखेडासारख्या ठिकाणांहून सरहद्दीवरच्या तरुणांनी लढा चालविला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामी मुलखात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. या विजयानंतर मराठवाड्यातील कित्येक गावांत निरपराध मुसलमान रयतेवर जे अत्याचार झाले, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. मुक्तीचा इतिहास सांगणाऱ्याने हे पान फाडून टाकू नये, कारण ज्यांचे रक्त सांडले तीही रयतच होती, आणि तिलाही तख्ताने कधी काही विचारले नव्हते.

फौजेने सत्ता पाडली हे खरे. पण फौजा तर १७२४ मध्येही होत्या आणि १८०३ मध्येही होत्या. या वेळी नवा निजाम आला नाही, याचे कारण फौजेत शोधून सापडणार नाही. तख्त रिकामे झाले तेव्हा कोणी तरी त्यावर बसावे अशी वाट पाहणारी रयत आता उरली नव्हती. पलीकडे तुरुंगात घडलेली माणसे होती, अलीकडे कौन्सिलात आणि बोर्डात घडलेली माणसे होती, आणि उभ्या देशात संविधान लिहिले जात होते. सत्ता कोसळते ती तिचे आधार निखळल्याने. लोकसत्ता उगवते ती मात्र पूर्वीच रुजलेल्या बीजातून. यांतील पहिली घटना एका सप्टेंबरात घडू शकते. दुसरीला पिढ्या लागतात, आणि तिची मशागत कोणाच्याही नजरेत न भरणाऱ्या शाळांत, सभांत व हिशेबाच्या वह्यांत होत असते.

१९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या प्रौढ स्त्रीपुरुषांनी प्रथमच एकाच हक्काने मत दिले. १९५६ मध्ये दोन्ही तीर एका राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण जे पिढ्यांनी रुजविले ते पिढ्यांच्या आळसाने सुकूही शकते. ग्रामसभेस न जाणारा, ग्रामपंचायतीचा हिशेब न विचारणारा, कोणी तरी धनी आपले भले करील म्हणून वाट पाहणारा गावकरी, त्याच्या नकळत, रिकाम्या तख्ताची झाडलोट करीत असतो.

विजेत्याने ठेविलेले फत्तेखेर्डा हे नाव दीर्घकाळ सरकारी दप्तरांत चालत राहिले. आज तेथे जाऊ इच्छिणारा प्रवासी साखरखेर्ड्याची वाट विचारतो. ज्या शिवारात एका तख्ताचा निकाल रयतेस न विचारता लागला, त्याच गावची ग्रामपंचायत आता गावकऱ्यांच्या मतांनी निवडली जाते. आणि लढाईच्या दिवशी तेथे नांगर धरून उभा असलेला जो कोणी अनाम कुणबी असेल, त्याच्या वंशजास आता त्या सभेत उठून बोलता येते. त्याने बोलत राहावे.